दप्तर असेल तिथेच दोन पक्क्या प्रती: प्रवासात नेता येणारी नेटवर्क साठवण-पेटी

आम्ही तिघे जण सुट्टीच्या दिवशी सोलापुरातून निघून बार्शी, मंगळवेढा, करमाळा, अक्कलकोट या तालुक्यांतल्या जुन्या घरांमध्ये जातो आणि मालक परवानगी देतील तेवढ्या मोडी कागदांची छायाचित्रे घेतो. हे कागद बहुधा रुमालात बांधलेले असतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात ज्याला रुमाल म्हणतात तीच ही कापडी बांधणी. गाठ सोडली की आत घड्या घातलेल्या कागदांची चळत निघते. कागद घराबाहेर नेऊ द्यायला कोणी तयार नसते आणि ते योग्यच आहे. त्यामुळे काम त्याच घरात, मालकांच्या सोयीच्या वेळेत, एकदाच करायचे असते.

चार वर्षांपूर्वी एका घरी दोन दिवसांत आम्ही साडेसातशे पाने टिपली. पहिल्या संध्याकाळी कॅमेऱ्याची सगळी कार्डे एका फिरत्या हार्ड डिस्कवर उतरवली, दुसऱ्या दिवसासाठी ती पुसून घेतली, आणि परतीच्या वाटेवर ती डिस्क मांडीवरच्या पिशवीतून गाडीच्या पत्र्यावर पडली. ती पुन्हा चालू झाली नाही. काही महिन्यांनी पुन्हा विनंती करायला गेलो तेव्हा घराच्या वाटण्या होऊन दप्तर परगावी गेले होते. दुसरी चूक कमी दिसणारी, पण अधिक वेळा घडणारी आहे: सोलापूरला परतल्यावर वाचणारा सांगतो की अमुक पानाचा कोपरा दुमडलेला राहिला आणि नेमकी मिती त्याखाली गेली आहे.

या दोन्ही चुकांवर उपाय म्हणून आम्ही एक छोटी साठवण-पेटी तयार केली. कॅमेऱ्यातून निघालेले पान पेटीत पडते, माजघरात बसलेला वाचक ते आपल्या लॅपटॉपवर लगेच उघडून पाहतो, आणि रुमाल पुन्हा बांधला जाण्याआधी ‘हे पान पुन्हा घ्या’ असे सांगू शकतो. घर सोडण्यापूर्वी प्रत्येक फाइलच्या दोन तपासलेल्या प्रती दोन वेगळ्या पिशव्यांत असतात. लग्नाचे छायाचित्रण करणारे, शेतीचे सर्वेक्षण करणारे, आरोग्य शिबिरे घेणारे अशा कोणत्याही फिरत्या गटाला हीच रचना उपयोगी पडेल. मात्र जो माणूस एकटाच प्रवास करतो त्याला नेटवर्कची गरज नाही. दोन एसएसडी (आत फिरते भाग नसलेल्या डिस्का) आणि थोडी शिस्त त्याला पुरते, आणि त्याने या खटाटोपात पडू नये.

आधी हिशेब

खरेदीपूर्वी एका दिवसाचे काम मोजावे. आमच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून रॉ (कॅमेऱ्याची मूळ, मोठी फाइल) आणि जेपेग मिळून एका पानाला साधारण ४० एमबी लागतात. दिवसाला ६०० पाने धरली तर २४ जीबी, आणि पाच दिवसांच्या फेरीला १२० जीबी होतात. म्हणजे १ टीबीची एसएसडी आम्हाला अनेक फेऱ्यांना पुरते, आणि त्यापेक्षा मोठी घेण्याऐवजी त्याच आकाराच्या दोन घेणे शहाणपणाचे आहे. व्हिडिओ काढणाऱ्यांचा आकडा यापेक्षा कितीतरी मोठा येईल, म्हणून आपला हिशेब आपणच करावा.

वेगाचाही अंदाज आधीच घ्यावा. गिगाबिट नेटवर्क तारेतून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात, तर चांगल्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर, एकाच खोलीत, ४० ते ५० एमबी मिळाले तरी समाधान मानावे. कॅमेऱ्याच्या सामान्य यूएचएस-१ वर्गाच्या कार्डाची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी असल्यामुळे तारेने जोडलेल्या लॅपटॉपवरून २४ जीबी उतरवायला चार-पाच मिनिटे लागतात; वाय-फायवर तेच काम दहा मिनिटांचे होते. यावरून आमचा नियम ठरला: कार्डे उतरवणारा लॅपटॉप नेहमी तारेवर असतो आणि वाचणारे वाय-फायवर असतात.

सामान कोणते घ्यावे

पेटीचा मेंदू म्हणून आम्ही रास्पबेरी पाय ४ वापरतो. हे २०१९ साली आलेले, तळहातावर मावणारे संगणक-बोर्ड आहे आणि त्यात गिगाबिट इथरनेट (नेटवर्क तारेची जोडणी) व दोन यूएसबी ३ पोर्ट आहेत. २०२३ मध्ये आलेला पाय ५ निश्चितच अधिक वेगवान आहे, तरी प्रवासासाठी मी पाय ४ सुचवतो. कारण विजेचे आहे. पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारा पुरवठा हवा असतो आणि बाजारातील बहुतेक पॉवर बँका ५ व्होल्टवर ३ अँपिअरच देतात. पुरवठा कमी पडतो आहे असे दिसले की पाय ५ आपल्या सर्व यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर देतो, आणि एवढ्यावर एसएसडीचा भरवसा धरता येत नाही. पाय ४ ला ३ अँपिअर पुरतात आणि तो यूएसबीला एकूण १.२ अँपिअर देऊ शकतो, म्हणजे एका साध्या, साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीची सोय होते.

घरात बॅटरी शाबूत असलेला जुना लॅपटॉप पडून असेल तर पायऐवजी तोही चालेल. वीज गेली तरी तो चालू राहतो, त्याला स्वतःचे घड्याळ असते आणि अडचण आली तर पडदा समोर असतो. वजन सोडले तर त्याच्यात फारसा दोष नाही.

साठवणीसाठी फिरती हार्ड डिस्क घेऊ नये. एसटीच्या शेवटच्या बाकावर किंवा जीपमध्ये बसणारे हादरे तिच्यासाठी नाहीत, आणि सुरू होताना ती घेत असलेला वीजप्रवाह पायच्या मर्यादेला जाऊन भिडतो. अडीच इंची साटा एसएसडी आणि चांगले यूएसबी-साटा आवरण हा सर्वांत निर्धास्त पर्याय आहे. अतिवेगवान एनव्हीएमई एसएसडी जास्त वीज घेते, जास्त तापते, आणि गिगाबिट तारेपुढे तिचा वेग वायाच जातो. अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या ‘१६ टीबी’ डिस्कांपासून दूर राहावे. त्यांच्या आत थोडीशीच खरी जागा असते, बाकी आकडा खोटा सांगितलेला असतो, आणि जागा संपल्यावर फाइली गुपचूप नष्ट होतात. नवी डिस्क आली की विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ-थ्री या मोफत साधनाने ती पूर्ण भरून वाचून पाहावी. काही तास जातील, पण तिच्यावर पुढची अनेक वर्षे विसंबायचे आहे.

तिसरी वस्तू छोटा प्रवासी राउटर. यूएसबीवर चालणारा, दोन इथरनेट पोर्ट असणारा आणि ५ गिगाहर्ट्झ देणारा कोणताही चालेल. ओपनडब्ल्यूआरटी या मोफत राउटर-प्रणालीवर आधारलेले जीएल-आयनेटचे छोटे राउटर यासाठी सोयीचे आहेत. पायच्या स्वतःच्या वाय-फायवरही नेटवर्क उभे करता येते, पण त्याचा अँटेना लहान असतो आणि जुन्या वाड्याच्या जाड मातीच्या भिंतीपलीकडे सिग्नल टिकत नाही. याशिवाय पायसाठी एक चांगले मायक्रोएसडी कार्ड (पुढे नुसते एसडी कार्ड), दोन आखूड नेटवर्क तारा, ३ अँपिअर खरोखर वाहून नेणारी यूएसबी-सी तार आणि धातूचे आवरण लागते.

पेटी तयार करणे

हे सर्व काम घरी, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी करावे. रास्पबेरी पाय इमेजर हे अधिकृत साधन लॅपटॉपवर घेऊन त्यातून रास्पबेरी पाय ओएस लाइट ही ६४ बिटची आवृत्ती एसडी कार्डावर लिहावी. लिहिण्यापूर्वी त्याच साधनात यंत्राचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) चालू ठेवण्याची निवड करता येते; हे आधी केले म्हणजे पडदा व कीबोर्ड जोडावा लागत नाही. त्यानंतर पाय घरच्या राउटरला तारेने जोडून ओपन मीडिया व्हॉल्ट बसवावे. डेबियनवर आधारलेली ही मोफत प्रणाली ब्राउझरमधून हाताळता येते. ती बसवताना वाय-फायवर विसंबू नये, कारण बसवण्याच्या ओघात नेटवर्कची मांडणी बदलते आणि वाय-फायवरची जोडणी मधेच तुटू शकते. सोबतचे फ्लॅशमेमरी प्लगइन जरूर घ्यावे. त्यामुळे एसडी कार्डावरचे सततचे लेखन कमी होते आणि कार्ड जास्त टिकते. सर्व मांडणी पूर्ण झाल्यावर त्या कार्डाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कार्डावर करून ती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी. गावात कार्ड दगावले तर पाच मिनिटांत पेटी पुन्हा उभी राहते.

पेटीतल्या एसएसडीवर एक्सटी-फोर ही फाइल रचना करावी. अचानक वीज गेली तर तिच्यातील, बदलांची आधी नोंद ठेवणाऱ्या नोंदवहीमुळे डिस्क सावरते. एक्सफॅट या दुसऱ्या रचनेत अशी नोंदवही नसते. डिस्कची ओळख तिच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतःच्या खास क्रमांकाने, ठेवावी, कारण पोर्ट बदलला की उपकरणाचे साधे नाव बदलू शकते. ओपन मीडिया व्हॉल्ट हे आपोआप करते.

येथे एका धोक्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण तो सहज नजरेतून सुटतो. काही कारणाने एसएसडी जोडली गेली नाही, तरी ती जिथे जोडली जाते तो रिकामा फोल्डर एसडी कार्डावर असतोच. अशा वेळी पेटी फाइली स्वीकारत राहते, कोणतीही चूक दाखवत नाही, आणि सगळे काम त्या छोट्या कार्डावर जाऊन पडते. म्हणून एसएसडीच्या मुळाशी आम्ही ‘ओळख’ नावाचा एक रिकामा फोल्डर केला आहे. सकाळी पेटी सुरू केल्यावर लॅपटॉपवरून तो दिसला तरच काम सुरू करायचे, नाही तर डिस्क जोडली गेलेली नाही असे समजायचे. टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याचा, सराव असणाऱ्यांनी एसएसडी काढलेली असताना तो मूळ रिकामा फोल्डर न बदलता येणारा करून ठेवावा, म्हणजे चुकीचे लेखन मुळातच अडते.

त्यानंतर साम्बा या नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या सेवेतून दोन सामायिक फोल्डर उघडावेत. आम्ही त्यांना सरकारी कचेरीच्या धर्तीवर ‘आवक’ आणि ‘शेरे’ अशी नावे दिली आहेत. ‘आवक’मध्ये फक्त कार्डे उतरवणाऱ्याला लिहिता येते, वाचक तेथे पाहू शकतो, पण पुसू किंवा बदलू शकत नाही. ‘शेरे’मध्ये सर्वांना लिहिता येते आणि पुन्हा घ्यायच्या पानांची यादी तिथे राहते. पासवर्डाशिवायचे पाहुणे-खाते ठेवू नये. सुरक्षेचा प्रश्न तर आहेच, शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ नंतरच्या प्रो आवृत्त्या अशी जोडणी मुळातच नाकारतात, आणि परक्या घरी बसून त्याचे कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो. आयफोन व आयपॅडच्या फाइल्स अॅपमधून २०१९ च्या आयओएस १३ पासून साम्बाला थेट जोडता येते. अँड्रॉइडवर त्यासाठी एखादे फाइल व्यवस्थापक अॅप घ्यावे लागते.

फाइलींची नावे मराठीत ठेवण्याचा मोह मलाही झाला होता. परंतु ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी जोडी म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्सच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे असतात आणि काही मॅक त्यांची अदलाबदल करतात. ‘कऱ्हाड’ किंवा ‘गोऱ्हे’ असे नाव असलेला फोल्डर एका यंत्रावर सापडतो आणि दुसऱ्यावर सापडत नाही, तो यामुळे. म्हणून फाइलीला तारीख, घराचा क्रमांक, रुमालाचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक एवढेच आकडे द्यावेत, आणि मराठी नावे एका तक्त्यात त्या आकड्यांसमोर लिहावीत.

स्वतःचे नेटवर्क

राउटर सोबत का न्यायचा, असे विचारले जाते. लॉजच्या किंवा यजमानांच्या वाय-फायवर सर्वांनी जोडून घेतले तरी बऱ्याच ठिकाणी एका पाहुण्याचे उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशी तरतूद केलेली असते, आणि खेड्यातल्या घरात वाय-फाय असेलच असे नाही. स्वतःचा राउटर असला की पेटी, लॅपटॉप आणि फोन यांचे नाते प्रत्येक गावी तेच राहते. इंटरनेट असो वा नसो, आपले काम चालते. इंटरनेट हवे असेल तेव्हा राउटरच लॉजच्या वाय-फायला जोडावा आणि तिथले लॉगिन पान एकदाच भरावे.

राउटर जोडलेल्या उपकरणांना जे आकडी पत्ते देतो त्यांचा पट्टा बदलून घ्यावा. बहुतेक घरे व लॉज १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ हाच पट्टा वापरतात. आपलाही तोच असेल तर दोन जाळी एकमेकांत गुंततात आणि पेटी दिसेनाशी होते. आमचा पट्टा १९२.१६८.७७ आहे, आणि पेटीला त्यात १० हा पत्ता कायमचा बांधून दिलेला आहे. हा पत्ता पेटीवर ठळक अक्षरांत चिकटवला आहे.

वाय-फायसाठी ५ गिगाहर्ट्झ निवडावे, कारण यूएसबी ३ च्या तारा आणि आवरणे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निर्माण करतात. आमच्या पहिल्या मांडणीत राउटर एसएसडीला चिकटून ठेवला होता आणि फोनचा वेग मधूनमधून अगदी कोसळायचा. दोन्ही वस्तू हातभर अंतरावर ठेवल्यावर ते थांबले.

वीज

पायसोबत एसएसडी आणि राउटर धरून आमची मांडणी साधारण १० ते १२ वॉट घेते. २०,००० एमएएच पॉवर बँकेत ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तास असतात, त्यांपैकी रूपांतरातील घट वजा जाता सुमारे ६३ हाती येतात. म्हणजे पाच ते सहा तास. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात वीज आलीच नाही तरी काम अडत नाही.

पॉवर बँक घेताना क्षमतेइतकीच एक गोष्ट तपासावी, जी खोक्यावर लिहिलेली नसते. स्वतः चार्ज होत असतानाच पेटीलाही वीज देणारी पॉवर बँक निवडायची, आणि भिंतीतली वीज जाते किंवा येते त्या क्षणी तिचा पुरवठा क्षणभरही तुटता कामा नये. पुष्कळ पॉवर बँकांचा तो तुटतो आणि पाय पुन्हा सुरू होतो. दुसरे उपकरण जोडताच पहिल्याची वीज क्षणभर तोडणाऱ्याही काही असतात. घरी पेटीत फाइली उतरवणे चालू ठेवून चार्जरची पिन दहा वेळा काढून घालावी. एकदाही पेटी बंद पडली तर ती पॉवर बँक फोनसाठी ठेवावी आणि पेटीसाठी दुसरी पाहावी. राउटरला आम्ही स्वतंत्र छोटी पॉवर बँक दिली आहे.

विमानाने जाताना पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून २०,००० एमएएच हा आकार सोयीचा आहे. तिच्यावरचा छापील आकडा पुसला जाऊ देऊ नये.

पेटी बंद करताना तार ओढून काढू नये. पाय ४ च्या पाचव्या आणि सहाव्या पिनेला एक साधे बटण जोडून मांडणीच्या फाइलीत जीपीआयओ-शटडाउन ही ओळ घातली की बटण दाबल्यावर पेटी रीतसर बंद होते आणि पुन्हा दाबल्यावर सुरू होते. आमच्यातील ज्येष्ठ वाचकांना टर्मिनल येत नाही, त्यांच्यासाठी हे बटण फार मोलाचे ठरले.

पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, हेही ध्यानात असावे. इंटरनेट नसलेल्या गावी पेटी सुरू केली तर ती मागच्या वेळी बंद झाल्याची वेळ धरून चालते, आणि नोंदींतल्या तारखा चुकतात. डीएस३२३१ नावाचे छोटे घड्याळ-मॉड्यूल हा त्यावरचा उपाय आहे, पण नेहमीच्या जागी तेही बटणाचीच पाचवी पिन वापरते, म्हणून दोन्ही हवे असतील तर मांडणीच्या फाइलीतून घड्याळ दुसऱ्या पिनांवर वळवावे लागते. बटण-सेलवर ते वर्षानुवर्षे वेळ राखते.

प्रती आणि पडताळणी

आतापर्यंतचे सगळे सामान या भागासाठी जमवले आहे, म्हणून इथे घाई करू नये.

कार्ड रीडरमध्ये कार्ड घातल्यावर प्रथम त्यातील प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढून यादी करावी. ठसा म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली ६४ अक्षरांची ओळ. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. मग फाइली ‘आवक’मध्ये उतरवाव्यात आणि पेटीतल्या प्रतीचे ठसे यादीशी ताडून पाहावेत. विंडोजवर टेराकॉपीसारखे साधन उतरवणे आणि ताडणे एकाच ओघात करते. लिनक्सवर आरसिंक ही प्रती करणारी आज्ञा आणि ठसे काढणारी आज्ञा पुरते.

दुसरी एसएसडी पेटीला न जोडता लॅपटॉपला जोडावी आणि तिच्यावरची प्रत लॅपटॉपवरूनच करावी. पायच्या विजेवर ताण येत नाही, आणि ही दुसरी डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवता येते, म्हणजे पेटीच बिघडली तरी कोणत्याही विंडोज किंवा मॅकवर ती थेट उघडते. एक प्रत पक्क्या रचनेत, दुसरी सर्वांना वाचता येणाऱ्या रचनेत, अशी ही जोडी आहे. दोन डिस्का पेटीतच आरशासारख्या रेडमध्ये (दोन्हींवर एकाच वेळी लिहिणाऱ्या रचनेत) बांधाव्यात असा सल्ला काही जण देतात. प्रवासासाठी मला तो मान्य नाही. एका डिस्कवर चुकून पुसलेले दुसऱ्यावरही त्याच क्षणी पुसले जाते, आणि पिशवी हरवली तर दोन्ही एकदमच जातात.

ठसे ताडण्यापूर्वी दुसरी डिस्क सुरक्षितपणे काढून पुन्हा जोडावी. नुकतीच लिहिलेली फाइल बहुधा संगणकाच्या स्मृतीत शिल्लक असते, आणि ताडताना तीच वाचली जाते. डिस्कवर खरोखर काय उतरले हे त्यातून कळत नाही. आरसिंक वापरणाऱ्यांनी मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली पुसून टाकण्याचा पर्याय प्रवासात कधीही लावू नये. आमची एका फेरीतली २८ पाने या डिस्क काढून-जोडण्यामुळे वाचली: लॅपटॉप सगळे ठीक सांगत होता, पण पुन्हा जोडल्यावर त्या फाइलींचे ठसे जुळले नाहीत. आवरणाची तार सैल होती.

कार्डे शक्यतो फेरी संपेपर्यंत पुसूच नयेत. ६४ जीबीची चार-पाच कार्डे घेतली तर पाच दिवस निघतात आणि तिसरी प्रत आयतीच मिळते. निघताना पेटी एकाच्या पिशवीत, दुसरी डिस्क दुसऱ्याच्या, आणि कार्डे तिसऱ्याच्या खिशात.

वाचकाचे काम या सगळ्याच्या समांतर चालते. मागच्या हिवाळ्यात एका ओसरीवर मी पाने टिपत होतो आणि आमचे वाचक काका आत माजघरात फाइली उघडत होते. त्यांनी आतून हाक दिली, “एकशे बारावं पान बघा हो, डावा कोपरा दुमडलाय, सालाचा आकडा दिसत नाहीये.” रुमाल अजून समोर उघडाच होता. घरच्या आजींनी स्वतः तो कागद चळतीतून काढून पाटावर सपाट धरला, दुमड उलगडली, आणि पान पुन्हा घेतले गेले. ‘शेरे’मधल्या त्या यादीत आता पानापुढे एक बरोबरची खूण आहे.

चोरी, कुलूप आणि दूरवरून प्रवेश

दप्तरांत वाटण्या, गहाणखते, जमिनीचे वाद असतात. मालकांनी विश्वासाने दाखवलेले हे कागद रेल्वेच्या डब्यातून चोरीला गेलेल्या पिशवीबरोबर कोणाच्याही हाती पडणे बरे नाही, म्हणून दोन्ही डिस्का कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक वाक्याशिवाय वाचता न येणाऱ्या, असाव्यात. पेटीतल्या डिस्कला लक्स ही लिनक्सची कूटबद्ध करण्याची सोय वापरावी. पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये एईएस या प्रचलित कूटपद्धतीसाठी खास तरतूद नसल्यामुळे नेहमीची पद्धत संथ चालते. तेथे गूगलच्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये मांडलेली अॅडियँटम ही पद्धत निवडावी, ती अशाच प्रोसेसरांसाठी आहे. लॅपटॉपवरच्या डिस्कला व्हेराक्रिप्ट चालेल, मात्र मग ती उघडणाऱ्या विंडोज किंवा मॅकवरही व्हेराक्रिप्ट बसवलेले असावे लागते. कूटबद्ध पेटी सुरू झाल्यावर सांकेतिक वाक्य देईपर्यंत डिस्क जोडली जात नाही, त्यामुळे ‘ओळख’ फोल्डर पाहण्याची सवय इथे दुप्पट महत्त्वाची ठरते. ते वाक्य कागदावर लिहून सोलापुरातल्या घरी कपाटात ठेवावे. विसरले तर कोणीही डिस्क उघडून देऊ शकणार नाही.

साम्बाचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटसाठी कधीही उघडू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला तो याच पोर्टावर चालणाऱ्या विंडोजच्या जुन्या फाइल-सेवेतील दोषातून. सोलापुरातून पेटीपर्यंत किंवा पेटीतून सोलापूरपर्यंत पोहोचायचे असेल तर टेलस्केल हे खासगी जोडणीचे साधन वापरावे. ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीवर चालते आणि मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत असल्या तरी दोन यंत्रांची गाठ घालून देते.

मात्र त्यावरून मूळ फाइली पाठवण्याची आशा धरू नये. अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट मिळाला तर दिवसाच्या २४ जीबीला पाच तास वीस मिनिटे लागतील, आणि गावात हा वेग सतत मिळत नाही. प्रत्येक पानाची २ एमबीची लहान जेपेग केली तर ६०० पानांचे १.२ जीबी होतात, ते सोळा मिनिटांत जातात. रात्री लॉजवर आम्ही एवढेच पाठवतो. अक्षर वाचता येण्याइतकी प्रत तरी घरी पोहोचलेली असते.

उन्हाळा

सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे ४० अंशांच्या वरची दुपार, हे येथल्या माणसाला सांगायला नको. पायचे तापमान ८० अंशांवर गेले की तो आपला वेग कमी करतो. पंखा नसलेले, पूर्ण धातूचे, बोर्डाला चिकटून बसणारे आवरण घ्यावे; पंख्यात जुन्या कागदांची धूळ जाते. यजमान प्रेमाने चादर अंथरून देतात आणि सगळे सामान त्यावर मांडले जाते, पण आपली जाड सोलापुरी चादर उष्णता धरून ठेवते. पेटी लाकडी पाटावर किंवा फरशीवर ठेवावी, वर काही झाकू नये. उन्हात उभ्या गाडीत पेटी, एसएसडी आणि विशेषतः पॉवर बँक जेवणापुरतीही ठेवू नये.

पहिल्या फेरीपूर्वी घरातच एक पूर्ण दिवस खोटे दप्तर टिपावे. जुनी वर्तमानपत्रे चालतील. दोनशे पाने घ्यावीत, भिंतीतली वीज मधेच बंद करावी, घरचे इंटरनेट काढून टाकावे, आणि संध्याकाळी पेटी कपाटात कुलूपबंद करून केवळ दुसऱ्या डिस्कवरून दोनशेच्या दोनशे पाने उघडून दाखवण्यास गटातील सर्वांत कमी सराव असलेल्या माणसाला सांगावे. तो जिथे अडेल तिथली पायरी मोठ्या अक्षरांत लिहून पेटीच्या झाकणाला आतून लावावी. आमच्या झाकणावर अशा सात ओळी आहेत, आणि पहिली आहे: ‘ओळख’ दिसते का पाहा.